तिसरी किल्ली पुसदला

मेश्रामबाबूंच्या घराला कुलूप एक आणि किल्ल्या तीन. पहिली त्यांच्या करदोड्याला, दुसरी नेरच्या बसस्टँडसमोर चहाचं दुकान असलेल्या गुलाबभाऊकडे, आणि तिसरी पुसदला. एकदा पहिली किल्ली विहिरीत पडली आणि त्याच दिवशी गुलाबभाऊ दुकान बंद करून मेहुण्याच्या लग्नाला गेला होता. शेजारी म्हणाले, कुलूप फोडा, दोन मिनिटांचं काम आहे. मेश्रामबाबू एसटीत बसले, दारव्हा, दिग्रस करत पुसदला गेले, किल्ली घेऊन दिवस मावळायच्या आत परत आले आणि दार उघडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात आम्ही हसून हसून बेजार झालो, पण त्यांचा चेहरा परीक्षा पास झाल्यासारखा.

"राऊतभाऊ," मला म्हणाले, "तिसरी किल्ली लागते का नाही, हे कधी ना कधी पाहाच लागत होतं."

मी तेव्हा नेरच्या कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होतो. गाडीतल्या कापसात हात घालायचा, बोटांनी धागा ओढून पाहायचा, ओल पाहायची, कवडी म्हणजे किडीने पिवळा पडलेला कापूस किती ते पाहायचं आणि दर्जा सांगायचा. शेतकरी माझ्या तोंडाकडे बघत उभे राहत, त्यामुळे आपण फार हुशार आहोत असा माझा समज झाला होता. घर बोरी अरबला, रोजचं अपडाऊन. मेश्रामबाबू आमचे कॉम्प्युटर ऑपरेटर. एकटे राहत. वय चाळिशीच्या आसपास, पण शर्टाची गळ्यापर्यंतची बटणं आणि खिशातली तीन पेनं पाहून कोणीही पन्नाशीचे म्हटलं असतं. तीन पेनं कशाला, हे विचारायची गरज नव्हती.

कापसाची ती वाईट वर्षं होती. आधी अळीने खायचं, मग भावाने, आणि उरलंसुरलं घेऊन माणूस आमच्या फाटकाशी यायचा. खरेदी उशिरा सुरू व्हायची. झाली की गाड्यांची रांग सरकी काढायच्या जिनिंग गिरणीच्या फाटकापासून दारव्हा रोडवर दिसेनाशी होईपर्यंत. माणसं चार-चार दिवस गाडीखाली राहत, तिथेच चूल मांडत. रांगेतला नंबर सोडून त्यांच्या हातात दुसरं काही नसे. पूर्वी नंबराच्या नुसत्या चिठ्ठ्या होत्या, पण एकाच नंबराच्या दोन-दोन चिठ्ठ्या निघायला लागल्या आणि डोकी फुटायची वेळ आली. म्हणून कॉम्प्युटर आला. कोण कधी आलं, कुठलं गाव, कोणाची गाडी, सगळी यादी त्यात. चिठ्ठीवर भांडण झालं की मेश्रामबाबू यादी पाहून सांगायचे, आणि ते सांगतील तो शब्द शेवटचा.

ही यादी ते तीन ठिकाणी ठेवत. एक फ्लॉपी ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये, एक घरी, आणि एक बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, तळाशी तांदूळ, वर कडुलिंबाचा पाला, म्हणजे ओल नको आणि किडा नको. हा डबा दर रविवारी पुसदला जायचा. तिथला जुना डबा इकडे, इकडचा नवा तिकडे. तिसरी किल्ली पुसदला राहील त्या डब्यात, फ्लॉपीच्या खाली. या सगळ्याचं एक रजिस्टर होतं. तारीख, प्रत, जागा, कोणाकडे, नातं, आणि शेवटचा रकाना 'उघडून पाहिले का?'. तो रकाना त्यांना सगळ्यात प्यारा. आम्ही लग्नाची पत्रिका आणली तरी ते विचारत, "उघडून पाह्यली का? आतमंदी नाव बरोबर हाय ना?"

तिसऱ्या प्रतीचा त्यांचा एक नियम होता. ती दुसऱ्या गावात पाहिजे आणि आपल्या माणसाकडे पाहिजे. तिऱ्हाईताकडे ठेवलेला डबा लोक दिवाळीच्या सफाईत फेकून देतात, असं त्यांचं म्हणणं. पुसदला शेवंताबाई राठोड नावाच्या म्हाताऱ्या बाई होत्या. कॉम्प्युटरचा कोर्स करताना मेश्रामबाबू त्यांच्या मागच्या खोलीत भाड्याने राहिले होते. बाई बंजारा, बाबू बौद्ध, नात्यागोत्याचा संबंध नाही, पण ते त्यांना 'याडी' म्हणत. बंजारा लोक आईला म्हणतात तसं. रजिस्टरात नात्याच्या रकान्यात त्यांच्यापुढे लिहिलं होतं: आपलं माणूस.

पुसद लांब पडतं, म्हणून सुरुवातीला एकदा त्यांनी मला विचारलं होतं. सगळे जेवायला बसलो होतो. म्हणाले, "राऊतभाऊ, बोरीले तुमच्या घरी एक डबा ठेवता काय? रविवारी मीच येऊन बदलून जाईन." मी चार माणसांत विनोद करायची संधी कधी सोडली नाही. म्हटलं, "आमच्या घरी उंदीर फार, बाबू. अन् बायको उंदरांपेक्षा चौकस." सगळे हसले. तेही हसले, जेवणाचा डबा बंद केला आणि हात धुवायला गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. मी विनोदच केला होता, देवाशपथ. पण मेश्राम नावाच्या माणसाने राऊतांच्या घरी दर रविवारी येऊ का म्हणून विचारावं आणि राऊतांनी उंदराचं निमित्त सांगावं, यात त्यांना काय ऐकू आलं असेल, हे मला कळायला काही वर्षं लागली. आमच्याकडे ते तसंच ऐकू यावं अशीच रीत होती, आणि ती मला ठाऊक होती.

मग तो मंगळवार आला. आमचे केंद्रप्रमुख साहेब दुपारी कॉम्प्युटरवर पत्ते खेळत. त्याचा कंटाळा आला म्हणून त्यांनी अमरावतीहून कोणाकडून तरी मोटारींच्या शर्यतीची फ्लॉपी आणली. सोमवारी शर्यत झाली आणि मंगळवारी सकाळी मशीन उघडलं तर पडद्यावर नुसतं चिन्हांचं भुसकट. त्या फ्लॉपीतून व्हायरस आला होता. यादी गेली. ड्रॉवरमधली फ्लॉपी सोमवारची यादी उतरवायला मशीनमध्येच घातलेली होती, तीही गेली.

मेश्रामबाबू घरून दुसरी घेऊन आले, पण हातात धरून उभे राहिले. म्हणाले, आधी मशीन साफ करू, तोवर ही आत घालायची नाही. बाहेर फाटकाशी आरडाओरडा वाढला होता. साहेबांना घाम फुटला होता. त्यांनी बाबूंच्या हातातून फ्लॉपी ओढून घेतली आणि आत सारली. मशीन थोडं कुरकुरलं. दुसरी प्रतही गेली.

साहेबांनी मग बाहेर जाऊन जाहीर केलं की रांग नव्याने लागेल. असं वाक्य चार दिवस गाडीखाली झोपलेल्या माणसांपुढे बोलायला नको, एवढं सांगायला ग्रेडर लागत नाही. मागच्या गाड्यांनी बैल जुंपायला घेतले, पुढच्यांनी चाकं आडवी लावली. एक म्हातारी बाई आपल्या गाडीच्या धुरेला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिचा नंबर त्या दिवशी लागणार होता. ती ओरडत नव्हती, नुसती माझ्याकडे बघत होती. मला तिच्या नजरेला नजर देता आली नाही.

मेश्रामबाबू फाटकाच्या दगडावर चढले. हा माणूस चार लोकांत कधी मोठ्याने बोलला नव्हता. म्हणाले, "कोणी जागा सोडू नका. यादी हाय. पुसदले हाय. उद्या सकाळी ज्याचा नंबर त्याले." लोकांनी ऐकलं, कारण यादीचा शब्द या माणसाचा असतो हे त्यांना माहीत होतं. साहेबांनी जीप दिली आणि मला बरोबर बसवलं, बहुधा मेश्रामबाबू तिकडून पळून जातील या भीतीने.

पुसदला पोचलो तर याडी दारातच बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मंगळवारी बाबूंना पाहून त्यांनी शेंगा खाली ठेवल्या आणि आधी त्यांच्या कपाळाला हात लावून पाहिला, ताप आहे का म्हणून. डबा धान्याच्या कोठीवर देवाशेजारी होता. मी तो उचलायला गेलो तर बाबूंनी मला थांबवलं. तीच एक प्रत उरली होती, ती नेरच्या मशीनच्या आसपास फिरकू द्यायची नव्हती. ते गल्लीतल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये गेले, तिथलं मशीन तपासलं, फ्लॉपीच्या दोन कॉप्या काढल्या, दोन्ही उघडून पाहिल्या आणि मूळ प्रत परत डब्यात आणून ठेवली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवून थकला.

तोवर याडींनी मला भाकरी वाढली. मी म्हटलं, तुम्हाला या डब्याचा त्रास होत असेल. त्या म्हणाल्या, "दर रविवारी येते, डबा खोलून मले दाखवते. मले त्यातलं काय समजते बापा. जेवते, माह्या गोळ्या मोजते अन् जाते. डब्यासाठी येते का माह्यासाठी येते, हे मी कधी इचारलं नाही. इचारलं अन् डब्यासाठी म्हणाला तर?"

परतताना जीपमध्ये मी त्यांना विचारलं की हे तीनचं वेड कुठून आलं. त्यांनी सरळ सांगितलं. त्यांच्या आजोबांच्या नावाची नोंद गावच्या कोतवाल बुकात होती. जुन्या काळची जन्ममृत्यूची वही. जातीच्या दाखल्याच्या पडताळणीला तीच लागत होती. एका कचेरीच्या कपाटात ती वही वाळवीने खाल्ली. तिची दुसरी प्रत नव्हती. दाखला अडला, इंजिनिअरिंगची जागा लागली होती ती गेली. पुढे दाखला मिळाला, पण तोवर वर्गातली पोरं साहेब झाली होती. "माह्या आज्याचं नाव एकाच कागदावर होतं," म्हणाले. "एकाच कागदावर हाय म्हंजे नाहीच समजा." 

बुधवारी सकाळी यवतमाळच्या मेकॅनिकने मशीन पुसून दिलं, बाबूंनी यादी चढवली, सोमवारच्या गाड्या चिठ्ठ्यांच्या कार्बन कॉपीवरून भरल्या आणि रांग जिथे थांबली होती तिथून पुढे सरकली. त्या म्हातारीची गाडी सगळ्यात आधी आत आली. तिचा कापूस मी पाहिला आणि आयुष्यात पहिल्यांदा पटकन दर्जा सांगितला. साहेबांनी मेश्रामबाबूंना "बरं झालं" एवढं म्हटलं. व्हायरसच्या चौकशीत पत्त्यांचा आणि मोटारींचा उल्लेख आला नाही.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात याडी गेल्या. आम्हाला कळलंसुद्धा नाही. बाबूंनी दोन दिवसांची रजा टाकली, अर्ज नेहमीसारखा तीन प्रतींत, कारण 'घरगुती'. आम्ही त्यावरही हसलो, की एकट्या माणसाचं घरगुती काय असतं.

पुढे एका रविवारी मी सोयरिकीच्या कामाने दिग्रसला निघालो होतो. दारव्ह्याच्या स्टँडवर पुसदची गाडी लागली, चढलो, तर खिडकीशी मेश्रामबाबू. मांडीवर पत्र्याचा डबा. मी शेजारी बसलो आणि विचारलं, याडी बऱ्या आहेत ना. तेव्हा त्यांनी सांगितलं. घर त्यांच्या मुलाने विकलं होतं, मुलगा सुरतला. मी म्हटलं, मग आता डबा कुठे नेताय?

"कुठंच नाही," म्हणाले. "पुसदले जातो, स्टँडवर घंटाभर बसतो, अन् हीच गाडी परत येते तिनं येतो. तेवढा वेळ तरी तिसरी प्रत दुसऱ्या गावात राह्यते."

त्यांनी हे अगदी हिशेबी आवाजात सांगितलं, कारण त्यांच्या मते तो नियमाचा प्रश्न होता. किती आठवडे हे चाललंय, असं मी विचारलं नाही. मला एकदम ती जेवणाची सुट्टी आठवली आणि सगळे हसले तेव्हा डबा बंद करून उठलेला माणूस आठवला. लाज वाटली. मी म्हटलं, "बाबू, डबा बोरीले ठेवू. आमच्या घरी."

त्यांनी डब्याचं झाकण दाबून पाहिलं. मग विचारलं, "उंदीर?"

त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता, त्यामुळेच जास्त लागलं. म्हटलं, मांजर पाळली आहे. पाळली नव्हती. सोमवारी ऑफिसला दांडी मारून मी मांजर शोधत फिरलो, आणि ते ध्यान पुढे नऊ वर्षं आमच्या घरी दूध प्यालं. उंदीर मारताना मात्र त्याला कोणी पाहिलं नाही.

तेव्हापासून मेश्रामबाबू दर रविवारी साडेदहाच्या गाडीने बोरीला यायचे. डबा आमच्या कपाटावर. तो खाली काढायचा, पाला बदलायचा, तांदूळ उन्हात घालायचे, फ्लॉपी बदलायची, किल्ली पुसून परत ठेवायची. माझी बायको त्यांना भाऊजी म्हणायला लागली आणि रविवारची भाजी त्यांना विचारून करायला लागली, जे तिने माझ्यासाठी कधी केलं नाही. सुरुवातीला आमच्या आळीत दोन-चार तोंडं वाकडी झाली. ती आपापली सरळ झाली, काही झाली नाहीत. मी तिकडे लक्ष दिलं नाही, हे मोठेपणाने सांगत नाही. उशीरच केला होता.

पुढे केंद्र बंद पडलं. कापूस व्यापाऱ्यांकडे जायला लागला, रांग मोडली, कॉम्प्युटर भंगारात गेला. मेश्रामबाबूंची बदली, मग निवृत्ती. फ्लॉपी वाचू शकेल असं मशीन जिल्ह्यात कुठे राहिलं नसेल. त्या यादीतल्या निम्म्या गाड्यांना आता बैल नाहीत, कित्येकांना मालकही नाहीत. तरी रविवार चुकला नाही. नेरहून एक फ्लॉपी येई आणि बोरीहून एक जाई. बायकोने एकदा मला विचारलं, यात आता आहे काय? मी म्हटलं, त्यांनाच विचार. तिने विचारलं नाही.

एका रविवारी साडेदहाची गाडी आली आणि ते उतरले नाहीत. साडेबाराचीही रिकामी आली. फोन लागेना. भाजी तशीच झाकून ठेवली. सोमवारी पहिल्या गाडीने मी नेरला गेलो, का कोण जाणे, डबा बरोबर घेऊन. घराला कुलूप. शेजारच्या बाईंनी सांगितलं की शनिवारी बाबू न्हाणीत पडले, गुलाबभाऊने त्यांना यवतमाळच्या दवाखान्यात नेलं आणि तो तिथेच आहे. आताच त्याचा फोन आला होता. बाबूंचे कागद पाहिजेत, रेशनकार्ड, आधीच्या तपासण्या. पण कागद घरात. एक किल्ली बाबूंच्या कमरेला, दुसरी गुलाबभाऊच्या खिशात, दोन्ही यवतमाळला. बाई म्हणाल्या, कुलूप फोडायला माणूस बोलावते.

मी म्हटलं, थांबा. त्यांच्या ओट्यावर बसलो, डबा उघडला, पाला बाजूला केला, फ्लॉपी उचलली. किल्ली तांदळात पडली होती. कुलपाला लावली आणि लागली.

कागद शोधावे लागले नाहीत. टेबलावर फाईल होती, प्रत्येक कागद तीनदा. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब, खाली याडींचा एक लहान फोटो. फाईलशेजारी रजिस्टर उघडं होतं. मी ते इतकी वर्षं लांबूनच पाहिलं होतं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

शेवटच्या रकान्यात, 'उघडून पाहिले का?' खाली, फ्लॉपीबद्दल एक अक्षर नव्हतं. याडींच्या नावापुढे दर रविवारी: आहे. आहे, खोकला. आहे, गोळ्या संपत आल्या. आहे, आज हसली. मग एका रविवारी नुसती रेघ. त्याखाली सलग अकरा रविवार जागेच्या रकान्यात 'एसटी' आणि शेवटचा रकाना कोरा. मग माझं नाव. नात्याच्या रकान्यात तेच दोन शब्द, जे याडींपुढे होते: आपलं माणूस. आणि पुढे: आहे. आहे, वहिनींनी तुरीच्या दाण्यांची आमटी केली. आहे, घरी पाहुणे होते, लवकर निघालो. आहे, राऊतभाऊंचं बीपी वाढलं, मीठ कमी सांगितले. अशी पानंच्या पानं. कालची तारीख आधीच लिहून ठेवली होती, पुढे काही नव्हतं.

मी त्या खुर्चीवर बसून रडलो. शेजारच्या बाई दारातून परत गेल्या.

दुपारी यवतमाळला पोचलो. खुब्याचं हाड मोडलं होतं, बाकी ठीक. नेहमीचा चष्मा नव्हता, त्यामुळे चेहरा फार उघडा वाटत होता. मला पाहून आधी म्हणाले, रविवार गेला. मग हातातला डबा दिसला तसा विचारलं, "उघडून पाह्यला का?"

"पाह्यला. किल्ली लागली."

त्यांनी मान हलवली. मी पिशवीतून रजिस्टर काढलं तसे ते भिंतीकडे बघायला लागले.  उशाशी घडी करून ठेवलेल्या त्यांच्याच शर्टाच्या खिशातलं पेन घेतलं. पहिलं चाललं नाही, दुसरं चाललं. कालच्या तारखेपुढे 'कोणाकडे' या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं, नात्याच्या रकान्यात तेच दोन शब्द लिहिले, आणि शेवटच्या रकान्यात लिहिलं: आहे.